बॉम्ब मुंबईत, पुस्तिका मेढ्यात

‘दोघांना मिळून खेळता येईल असा एखादा चांगला गेम सांग की,’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, तुमची भांडणं कशावरून होतात? समोरचा गडबडतो. रॅम किती, ग्राफिक कार्ड कुठलं, असलं काहीतरी विचारलं जाईल या तयारीने तो आलेला असतो. ते मी नंतर विचारतो. रॅम पैसे टाकून वाढवता येते. भिडूचा स्वभाव मात्र आहे त्या मापात घ्यावा लागतो आणि गेम त्या मापाचा शोधावा लागतो.

मेढ्यात हा प्रश्न जरा जास्तच येतो. मेढा म्हणजे जावली तालुक्याचं मुख्य गाव. साताऱ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला निघालेले पर्यटक आमच्याकडे गाडी थांबवतात, पाण्याच्या बाटल्या घेतात, ‘इथं बघण्यासारखं काय आहे?’ असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. बघण्यासारखी माणसं आहेत, पण ती मुंबईला गेलेली असतात. घरटी एक माणूस मुंबईला, ही इथली जुनी वहिवाट. आधीचे गिरणीत गेले, नंतरचे मशीद बंदरला आणि पुढे तुर्भ्याच्या बाजारात माथाडी झाले. त्यांची पोरं आता कोपरखैरण्यात राहतात. कुणी टेंपोवर, कुणी बँकेत, कुणी ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत. मागे एकजण उरतो. त्याच्याकडे घर, रान, म्हातारी माणसं आणि सातबारा.

या दोघांचं रोजचं फोनवरचं बोलणं मी ऐकलेलं आहे, कारण त्यातला मागे उरलेला मीच आणि गेलेला माझा भिडू. ‘जेवलास?’ ‘व्हय. तू?’ ‘व्हय.’ ‘पाऊस?’ ‘हाय.’ ‘बरं.’ मग दोघंही थोडा वेळ फोन कानाला धरून उभे राहतात. मग एक म्हणतो ‘ठेवू?’, दुसरा म्हणतो ‘ठेव’, आणि ठेवत कुणीच नाही. एवढ्या सामग्रीवर मैत्री वर्षानुवर्षं तगते हे खरं. पण अधूनमधून एकमेकांवर ओरडायला काहीतरी विषय लागतोच. गेम त्यासाठी.

तेव्हा माझी कसोटी एकच. गेममध्ये दोघांपैकी कुणालाही एकट्याला सगळं कळता कामा नये. अर्धं याला दिसावं, अर्धं त्याला, आणि दोन्ही अर्धी जुळवायला तोंड उघडावं लागावं. सहकाराशी आमच्या जिल्ह्याची ओळख जुनी आहे. दोन माणसं एकत्र आली की इथं संस्था निघते, तिसरा आला की चेअरमनपदावरून दोन निघतात. त्यामुळे दोघांवर थांबणारा खेळच बरा.

या कसोटीला आमच्याकडे सगळ्यात जास्त खेळला गेलेला पबजी उतरत नाही. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने त्यावर बंदी घातली, पुढच्या वर्षी तो बीजीएमआय असं नाव लावून परत आला, 2022 च्या जुलैत पुन्हा गेला, 2023 च्या मेमध्ये पुन्हा आला. इतक्या वेळा तर माणसं पक्षातही ये-जा करत नाहीत असं लिहिणार होतो, पण राहू दे. मुद्दा असा की, जोडीने खेळायची सोय असली तरी त्यात दोघं नुसते शेजारी शेजारी पळतात. एक मेला की तो दुसऱ्याचा खेळ बघत बसतो आणि ‘डावीकडं, डावीकडं, आरं डावीकडं!’ म्हणून बोंबलतो. मेलेल्याचं ऐकायचं ते पितृपंधरवड्यात, आणि तेही कावळा शिवेपर्यंत.

मोबाईलवरची रमी तर एकट्याचंच दुखणं. 2025 च्या जुलैत विधान परिषदेत बसून राज्याचे कृषिमंत्री रमी खेळत असल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. महिना संपता संपता त्यांचं कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. शेजारी चांगला भिडू बसलेला असता तर त्याने वेळेवर कोपर मारलं असतं.

आमचा खरा जोडीचा खेळ मेंढीकोट. चौघं बसतात, समोरासमोरचे भिडू. चार दहे म्हणजे मेंढ्या. ज्या जोडीने जास्त ओढल्या ती जिंकली, चारही ओढल्या तर कोट. नियम एवढाच की हातातलं पान भिडूला सांगायचं नाही. हा नियम पाळला गेल्याचं मी मेढ्यात पाहिलेलं नाही. बदाम असेल तर छाती खाजते, चौकट असेल तर दाराकडे लक्ष जातं, इस्पिक असेल तर ठसका लागतो. आणि किल्वरसाठी आमच्या पारावरच्या एका जोडीने काय ठरवलं होतं ते घरात येणाऱ्या अंकात लिहिता येत नाही. एका म्हाताऱ्याला खरोखरच दमा होता. त्याच्या भिडूचं आयुष्यभर नुकसान झालं.

मग टीव्हीला जोडायचा डबा आला आणि त्याच्याबरोबर काँट्रा आला. कोनामी या जपानी कंपनीचा हा 1987 चा गेम आमच्यापर्यंत पोचला तो हजारो गेम असल्याचं छापलेल्या कॅसेटमधून. प्रत्यक्षात गेम पाच-सहा, बाकी त्यांचीच पिलावळ. दोन रिमोट मिळायचे. त्यातल्या एकाचं उडीचं बटण कायम बसलेलं, तो पाहुण्याला. काँट्राच्या तिसऱ्या टप्प्यात धबधबा आहे आणि दोघांनी तो चढून जायचा असतो. त्यात पुढच्याने एक उडी जास्त मारली की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला भिडू खालच्या कडेला जाऊन मरतो. शत्रूची गोळी नाही, काही नाही. भिडूच्या घाईने गेला. केळघर घाटात पावसाळ्यात जागोजागी धबधबे लागतात. तिथे फोटो काढताना माझ्या वयाची माणसं अजून एकमेकांना म्हणतात, ‘आधी तू हो वर.’ विश्वास एकदा उडाला तो उडाला.

माझ्या कसोटीवर पहिला नंबर लागतो तो ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ या गेमचा. स्टील क्रेट गेम्स या कॅनडातल्या छोट्या मंडळींनी तो 2015 साली काढला. एकाच्या पडद्यावर बॉम्ब असतो. त्यावर वायरी, बटणं, चित्रविचित्र चिन्हं आणि उलटं पळणारं घड्याळ. दुसऱ्याच्या हातात 23 पानांची पुस्तिका. बॉम्ब निकामी कसा करायचा ते तिच्यात लिहिलेलं. बॉम्बवाल्याने पुस्तिका बघायची नाही, पुस्तिकावाल्याने बॉम्ब बघायचा नाही. मधे फक्त तोंड. गेम एकानेच विकत घ्यायचा. पुस्तिका फुकट, हवी तर छापून घ्या.

हा गेम कॅनडात कसा सुचला कोण जाणे, तो सुचायला हवा होता जावलीत. मुंबईवाल्यापुढे संकट आणि गाववाल्यापुढे कागद, ही वाटणी आमच्याकडे कैक वर्षं चालू आहे. ‘दाखल्यावर नाव कसं लागलंय रं माझं?’ ‘थांब, फायल काढतो.’ फक्त गेममध्ये पहिल्या बॉम्बचं घड्याळ पाच मिनिटांचं असतं आणि फाईल काढायलाच आमच्याकडे दहा लागतात. म्हणून मी नेहमी सांगतो, बॉम्ब कोपरखैरण्यात ठेवा आणि पुस्तिका मेढ्यात. आषाढात मेढ्यात लाईट जाते तेव्हा ती बातमी नसते. येते तेव्हा असते. पण कागदाला लाईट लागत नाही. इंटरनेटही लागत नाही. रेंजची एक काडी आली आणि साधा फोन लागला की झालं. पुस्तिकेवर बॅटरी धरून मी भर पावसात बॉम्ब निकामी केलेले आहेत, तेही अडीचशेच्या आसपास किलोमीटरवरचे.

पुस्तिका छापायला तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. पहिलं पान यंत्रातून बाहेर येताना दुकानदाराने वाचलं. वर ठळक अक्षरांत बॉम्ब. त्याचा चेहरा हलला नाही. वाटण्यांचे कागद घेऊन येणारे भाऊभाऊ रोज बघणाऱ्याला बॉम्बचं काय. ‘कुठल्या खात्याचं?’ एवढंच म्हणाला. मी म्हटलं, खेळाचं आहे. त्याने पान जवळ धरलं. ‘व्हेरिफिकेशन कोड 241 टाकलाय की खाली. जावक नंबर असल्यावर खेळ कसा म्हणायचा?’ मग विचारलं, ‘पाठपोट काढू?’ मी म्हटलं, नको, बॉम्ब फुटताना पान उलटायला वेळ नसतो. हे कारण त्याला पटलं. पैसे घेताना म्हणाला, ‘एक प्रत साक्षांकित करून ठेवा. पुढंमागं लागते.’

पुस्तिकेची भाषा मात्र थेट शासन निर्णयाची. वायरी तीन असल्यास आणि त्यात लाल एकही नसल्यास दुसरी कापावी. अन्यथा शेवटची पांढरी असल्यास शेवटची कापावी. अन्यथा निळ्या एकापेक्षा जास्त असल्यास त्यांतली शेवटची कापावी. अन्यथा शेवटची कापावी. ज्याने एकदा तरी पीकविम्याचा अर्ज भरलाय त्याला ही भाषा कळते. बॉम्बवाल्याला ती ऐकवत नाही.

‘कुठली कापू ते सांग, कलमं नको वाचूस!’

‘लाल हाय का?’

‘हाय. न्हाय, थांब. लाल हाय का केशरी हाय कळंना.’

‘केशरी नसती यात.’

‘मग लाल म्हण.’

‘मी कसं म्हणू? तुझ्यापुढं हाय ती!’

वायरींचं एक वेळ ठीक. खरी परीक्षा चिन्हांची. चार बटणांवर चार चिन्हं असतात, ग्रीक म्हणा, रशियन म्हणा, कुणाच्या बापाला उच्चार येणार नाहीत अशी. ती पुस्तिकेतल्या कुठल्या रांगेत आहेत ते शोधून त्या क्रमाने दाबायची. आता हे फोनवर सांगायचं कसं? आम्ही आमच्या मालकीच्या वस्तू वापरल्या. एकाला त्रिशूळ म्हणालो, एकाला घोड्याचा नाल. एक अक्षर म्हणजे ‘ॲ’वरचा चंद्र उठून उभा राहिलाय आणि त्याच्या पोटात टिंब आहे. एक म्हणजे जास्त जेवलेला ‘प’. एका तीन पायांच्या रशियन अक्षराला आम्ही ‘मामाची तिवई’ म्हणतो, आणि ते नाव इतकं बसलंय की त्या अक्षराचं खरं नाव कळलं तरी आता ते आम्ही वापरणार नाही. एकदा हे सगळं सुरळीत चाललेलं असताना पलीकडून आवाज आला, ‘चांदणी.’

‘भरीव का पोकळ?’

‘चांदणी रं. आकाशात असती तसली.’

‘आकाशातली भरीव असती का पोकळ?’

यावर तो विचार करायला लागला. खरोखर विचार करायला लागला. घड्याळाने तेवढ्यात आपलं काम केलं.

पुढे एक भाग आहे, त्यात इंग्रजीत लिहिलेले हुंकार फोनवर वाचून दाखवायचे असतात, एक होकाराचा आणि एक नकाराचा. साताऱ्याच्या माणसाचं निम्मं बोलणं याच दोन आवाजांत होतं आणि समोरच्याला कधी चुकीचं कळत नाही. जमिनीचे व्यवहार झालेत त्यावर. तरीही इथे आमची दाणादाण उडाली, कारण भिडू बॉम्बवरचा हुंकार वाचतोय की मला उत्तर देतोय हेच मला समजेना. दोन चुकांपर्यंत बॉम्ब ऐकून घेतो, तिसरीला फुटतो. एक सूचना: हा गेम एसटीत बसून खेळू नये. ‘लाल काप, दहा सेकंद राहिलेत’ असं फोनवर बोलणाऱ्याला कंडक्टर कुठल्या थांब्यावर उतरवेल याचा नेम नाही.

हा पचला तर ‘वी वर हिअर’ घ्या. नेदरलँड्समधल्या टोटल मेहेम गेम्सचा, 2017 चा, आणि त्यातला पहिला भाग फुकट. बर्फातल्या एका किल्ल्यात दोघं वेगवेगळ्या खोल्यांत अडकतात आणि हातात वॉकीटॉकी. बटण दाबल्याशिवाय बोलता येत नाही, एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी एकदम बोलायची आणि कुणीच न ऐकायची सवय असलेल्या ग्रामसभेला हा गेम दाखवावा असं मला कितीतरी वेळा वाटलं आहे.

नवरा-बायकोने ‘ओव्हरकुक्ड’ खेळू नये असं मी सांगतो. सगळे तोच खेळतात. 2016 साली इंग्लंडमधल्या दोघाजणांच्या कंपनीने तो काढला. पडद्यावर हॉटेलचं स्वयंपाकघर. कांदा चिरा, सूप चढवा, करपायच्या आत उतरवा, वाढा. मधेच ओटा दोन चालत्या ट्रकांवर विभागून जातो किंवा बर्फावरून घसरतो. आमच्या यात्रेच्या भंडाऱ्यात हजाराची पंगत उठते आणि आचारी तंबाखू मळत उभा असतो, हे पाहिलेल्या माणसाला त्या गडबडीचं सुरुवातीला हसू येतं. पण थोड्या वेळाने ताटं संपतात. मग लक्षात येतं की उष्टी ताटं परत येताहेत, ढीग लागलाय आणि ती कुणीतरी धुतल्याशिवाय पुढचं वाढता येत नाही. ‘अहो, ताटं!’ असं घरातून दोनदा ऐकू आलं. एकदा हेडफोनमधून, एकदा थेट. मी धुतली. ‘बघा, येतंय की तुम्हाला,’ एवढंच सौ. म्हणाल्या. तेव्हापासून हा गेम आमच्याकडे मी सुरू करत नाही.

‘मूव्हिंग आउट’ची शिफारस मी भिडूला केली ती त्याच्या वडिलांमुळे, म्हणजे तात्यांमुळे. 2020 चा हा गेम म्हणजे घरसामान हलवायचं काम. दोघांनी दोन बाजूंनी सोफा धरायचा, दारातून काढायचा, ट्रकात टाकायचा, वेळ कमी असेल तर खिडकीतून फेकायचा. तात्या माथाडी. हयात तुर्भ्याच्या बाजारात गेली, गोणी उचलायला आणि द्यायला दोघं लागतात हे पाठीला माहीत. ते मागे येऊन उभे राहिले. भिडू एका टोकाला, मी मेढ्यातून दुसऱ्या टोकाला, सोफा चौकटीत अडकलेला. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आधी तिरपा कर. आणि त्याला सांग, वढू नको, सोड.’ सोफा निघाला. पुढचं कपाट निघालं. फ्रीज खिडकीतून फेकला तेव्हा मात्र ते भडकले. ‘मालकाचा माल हाय तो!’ नंतर बराच वेळ त्यांना एकच गोष्ट समजत नव्हती, की एवढं सामान भरलं आणि वाराई कोण देणार? 1969 साली माथाडी कायदा झाला तो उगाच नाही. त्या गेममध्ये ना बोर्ड, ना लेव्ही, ना टोळीचा मुकादम. दोन पोरं दिवसभर सोफे फेकतात आणि शेवटी त्यांना पदकं मिळतात.

‘इट टेक्स टू’ची सगळीकडे शिफारस होते, तेव्हा ती मीही करतो. स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओचा, 2021 चा, त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट ठरलेला. एकट्याला खेळताच येत नाही. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला ‘फ्रेंड्स पास’वर फुकट, आणि ही सोय जाहीर झाल्यापासून जगभर दोन मित्र एकमेकांनी आधी घ्यायची वाट बघत बसलेले आहेत. कॉम्प्युटरवर 50 जीबी जागा मागतो. मेढ्यात एवढं उतरवायला घेतलं की मधे एखादा सण होऊन जातो. गोष्ट अशी की घटस्फोटाला निघालेलं जोडपं बाहुल्या होतं, आणि एक मिशीवालं बोलकं पुस्तक त्यांच्या मागे लागून त्यांना एकत्र काम करायला लावतं. आमच्याकडे हे काम गावातली जाणती माणसं करतात आणि ती पुस्तकापेक्षा कमी नाचतात. पहिला प्रश्न, बायको कोण होणार? भिडू म्हणाला, माझं लग्न व्हायचंय, उगाच बोभाटा नको. मग मी झालो. बायकोच्या हातात हातोडा, नवऱ्याकडे खिळे. त्याने खिळा मारायचा, तिने त्याला लटकून पलीकडे जायचं. तो खिळे वेळेवर मारत नाही. बायका काय सहन करतात याची मला थोडी कल्पना आली, पण ती मी घरात बोललो नाही.

जुना कॉम्प्युटर असेल तर ‘पोर्टल 2’, 2011 चा, दोन रोबोंचा, अजून त्याच्या तोडीचा निघायचाय. आणि घरात दोन भावंडं व एकच कीबोर्ड असेल तर ‘फायरबॉय अँड वॉटरगर्ल’; ब्राउझरमध्ये चालतो, पैसे पडत नाहीत. विस्तवाच्या पोराने पाण्यात जायचं नाही, पाण्याच्या पोरीने विस्तवात. धाकट्याला बाण द्या, थोरल्याला अक्षरं. कोपरं मधे येतात, ती यायचीच.

आता शेती. मुंबईवाल्याला गावाकडची शेती करायची फार हौस असते, फक्त रानात उतरायची नसते. अशांसाठी ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन या एका माणसाने चार-साडेचार वर्षं एकट्याने खपून 2016 साली तो काढला. पुढे 2018 मध्ये त्यात मिळून खेळायची सोय झाली. एकाने पाणी द्यावं, दुसऱ्याने मासे धरावेत. रात्री दोनच्या आत घरी नाही गेलं तर माणूस आहे तिथेच आडवा होतो. बियाण्याचं दुकान बुधवारी बंद असतं आणि भिडू दर बुधवारी दुकानापुढे जाऊन उभा राहतो. स्ट्रॉबेरीचं बी वसंतातल्या 13 तारखेला अंड्यांच्या जत्रेतच मिळतं. आमच्या शेजारच्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. इकडे पाऊस उघडला की स्ट्रॉबेरीची रोपं लागतात. त्यामुळे वसंतात स्ट्रॉबेरी लावायची म्हटल्यावर मी पहिल्यांदा नकारच दिला होता. तिथल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात आणि ते खरं ठरतं. इथंच कळतं की गोष्ट काल्पनिक आहे.

पण त्या गेमची खरी कमाल दुसरीच. सुरुवातीला दोघांचे पैसे एकत्र असतात. मी स्ट्रॉबेरीच्या बियांसाठी साठवलेले पैसे भिडूने एका खुर्चीवर घातले, नुसत्या नक्षीच्या खुर्चीवर, आणि आमची भाऊबंदकी सुरू झाली. तर गेममध्ये वाटण्यांची सोय आहे. सरपंचाच्या घरी एक वही ठेवलेली असते. तिच्यात जाऊन पैसे वेगळे करा म्हणायचं. रात्री झोपायचं, सकाळी वाटणी झालेली! नोटीस नाही, हरकतीची मुदत नाही, बहिणींच्या सह्या नाहीत, मोजणीवाल्याची वाट बघणं नाही. हे मी आमच्या भावकीतल्या एका जाणत्याला सांगितलं, ज्यांची वाटणी त्यांच्या आजोबांपासून कोर्टात आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘बांध कुणाकडं गेला?’ मी म्हटलं, बांध नाहीच. ते म्हणाले, ‘मंग ती वाटणी नव्हं.’

याहून खरी शेती पाहिजे असेल तर ‘फार्मिंग सिम्युलेटर’. स्वित्झर्लंडची जायंट्स सॉफ्टवेअर ही कंपनी 2008 पासून तो काढते आणि नोव्हेंबर 2024 च्या आवृत्तीत त्यात भात आला आणि म्हशी आल्या. जावलीतल्या माणसाला आणखी काय पाहिजे? भिडूने कोपरखैरण्यातून लावणीचं यंत्र चालवायला घेतलं आणि मी मेढ्यातून ट्रॅक्टर. बाहेर धो धो पाऊस, आईची लावण नुकतीच उरकलेली, पाठ धरलेली. ती कमरेवर हात ठेवून पडद्यापुढे उभी राहिली.

‘चिखलणी केली का न्हाय?’

‘लागत न्हाय यात.’

‘तरवा कुणी उपटला?’

‘इकत मिळतोय.’

यंत्र खाचरातून सरळ ओळी टाकत गेलं. ती बघत राहिली. ‘ह्यो कुणाचा पोरगा चालवतोय?’ मी सांगितलं. ‘त्याला म्हनावं, हे यंत्र घिऊन पुढल्या आषाढात गावाला ये. नुसता फोनवर नको.’ मग मी तिला म्हशी दाखवल्या, तिचा राग जावा म्हणून. त्या तिला आवडल्या. मुऱ्हा का पंढरपुरी, हे पडद्यावर लिहिलेलं नव्हतं, पण शिंगांवरून तिने काहीतरी ठरवलं. दूध आपोआप टाकीत जमा होत होतं आणि विकल्यावर पैसे खात्यात पडत होते.

‘फॅट किती लागली?’ तिने विचारलं.

‘फॅट बघत न्हाईत, नुसतं लिटरवर देतात.’

‘म्हशीच्या दुधाला? लिटरवर?’ ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आरं लुटतंय की कोणतरी तुमास्नी,’ आणि आत गेली.

भिडूने हे हेडफोनमधून ऐकलं होतं. त्याने त्याच रात्री म्हशी विकल्या, मला न विचारता.